वंशावळीच्या साइटचे आठ महिने: पैसे भरले नावासाठी, माणूस सापडला जमिनीच्या नंबरावरून

परवा कार्डातून परत पैसे गेले. सबस्क्रिप्शन रद्द करून तीन आठवडे झाले होते तरी, आणि कस्टमर केअरवाली म्हणते सिस्टीममध्ये काही दिसत नाही. म्हणून लिहायला बसले. साइटचं नाव घेत नाही.

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या, युक्रेनी घरातल्या. त्यांचे आजोबा गॅलिशियातून (आजच्या पश्चिम युक्रेन आणि पोलंडमधला भाग) कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात आले, कनोरा गावाच्या बाजूला शेती केली. ते पहिलं शेत नेमकं कुठलं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पहिले तीन महिने मी साइटवर आडनाव टाकत बसले. एक अक्षर बदललं की माझ्या सर्चला काही सापडत नव्हतं, आणि जुन्या नोंदींत तर क्लार्कने कानाला आलं तसं लिहिलंय, आयच्या जागी वाय, डब्ल्यूच्या जागी व्ही. देशाचंही तेच. गॅलिशिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात, त्यामुळे एकच माणूस कुठे ऑस्ट्रियन, कुठे गॅलिशियन, कुठे रुथेनियन. दर महिन्याला पंचवीसेक डॉलर जात होते आणि हातात काही नाही. पूर्वी १६० एकरांची होमस्टेड, म्हणजे कसायच्या अटीवर सरकारकडून मिळणारी जमीन, नोंदवायची फी १० डॉलर होती, ते वाचल्यावर तर फारच लागलं.

मग लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, नाव सोडा, जमीन धरा. १९८० ला प्रांताला ७५ वर्षं झाली तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या भागाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं काढली, त्यातलं एक त्यांनी समोर ठेवलं आणि त्यात कुटुंबाच्या नावापुढे क्वार्टरचा नंबर! आपल्याकडे गट नंबर मिळाला की सातबारा निघतो ना, अगदी तसंच. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर. पण सेक्शनचे नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नागमोडी जातात, पहिली ओळ पश्चिमेकडे, दुसरी उलटी पूर्वेकडे. मी पुस्तकाच्या ओळींसारखे वाचले आणि आठवडाभर भलत्याच शेताच्या मागे लागले. हे कुठल्याही साइटने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात सांगायला हवं, नाही सांगत.

१९०६ ची प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानी प्रांतांची, जनगणना कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहे, तिच्यात सेक्शन, टाउनशिप, रेंज (टाउनशिपचा उभा पट्टा) लिहिलेलं असतं. तिथे नाव न बघता नंबर बघत पानं उलटली, आणि आजोबा सापडले. आडनाव असं लिहिलेलं की मी जन्मात टाकलं नसतं. नोंदीत घोडे नाहीत, गाई दोन.

आता मत थोडं बदलते. साइट अगदीच वाया गेली असं नाही, तिथेच शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका लांबच्या भावाने लग्नाचा फोटो टाकलेला मिळाला, तो दुसरीकडे कुठेच मिळाला नसता. तेवढ्यासाठी एक महिना घ्या. वर्षभराचं घेऊ नका, आणि कार्ड बँकेतून बंद करा.

खरा ऐवज मात्र होमस्टेडची फाइल. इंडेक्स ऑनलाइन बघितला, कॉपी प्रोव्हिन्शियल आर्काइव्ह्जमधून मागवली. जमीन नावावर व्हायला तीन वर्षं, दरवर्षी सहा महिने तिथे राहणं, नांगरट आणि घर बांधणं अशा अटी, म्हणून आजोबांनी शपथेवर सगळं सांगितलंय: लाकडाचं घर, १४ बाय २० फूट, कुठल्या वर्षी किती एकर पडीक जमीन फोडली, आणि साक्षीला दोन शेजारी. जमिनीवर नसलेल्या महिन्यांचाही हिशेब आहे. तिन्ही वर्षं त्या महिन्यांत ते रेल्वेच्या कामावर होते, बायकोमुलं मात्र तिथेच.

ते वाचून दाखवल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आजी सांगायची, नवरा नसायचा, मी एकटीने मुलं सांभाळली, लांडगे दाराशी यायचे. आम्हाला वाटायचं ती वाढवून सांगतेय.