हायस्कूलचा बास्केटबॉल कोच व्हायचंय: आधी बी.पी.एड. की एनआयएस?

राज्याकडून खेळून झालेली, पंचविशीच्या आसपासची मुलं-मुली फोंड्याला कोर्टवर भेटली की हाच प्रश्न विचारतात. मी खेळाडूचा कोच झालो तो बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी, करून, आणि मग उन्हाळ्यात एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स केला. दोन्हीकडे काय मिळतं ते सांगतो.

खेळाडूला ओढ एनआयएसची असते, ते साहजिकच आहे. पतियाळाची ही संस्था १९६१ सालची. तिथला कोचिंग डिप्लोमा एका वर्षाचा आणि एकाच खेळाचा. झोन डिफेन्स (प्रत्येकाने एक खेळाडू नव्हे, कोर्टचा एक भाग राखायचा) कधी लावायचा, स्पर्धेच्या आधीच्या महिन्यांची आखणी कशी करायची, हे तिथे जितकं खोलात कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच. बी.पी.एड. पदवीनंतर दोन वर्षांचं. त्यात बास्केटबॉलच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. अॅथलेटिक्स, कबड्डी, खोखो, योग, आणि शाळेत जाऊन घ्यायचे पाठ. लहानपणापासून एकच खेळ खेळलेल्याला हे जड जातं, मलाही गेलं.

पण हायस्कूलमध्ये तुमच्यापुढे झोन डिफेन्स समजणारा संघ उभा नसतो. आपल्याकडे हायस्कूल पाचवीपासून. त्या वयाच्या मुलाला ३.०५ मीटरवरची रिंग आभाळाएवढी वाटते, आणि त्यातली निम्मी मुलं फुटबॉलच्या मैदानाकडे बघत असतात.

सुरुवातीला, काही न शिकता, मी मुलींना लेअप शिकवायचो, म्हणजे धावत येऊन दोन पावलांत उडी मारायची आणि रिंगच्या जवळून चेंडू टाकायचा. स्वतः करून दाखवायचो, पुन्हा दाखवायचो. त्या मन लावून बघायच्या आणि चुकीच्या पायावर उडी मारायच्या. माझ्या पायांना सगळं पाठ होतं, पण ते सांगायला शब्द नव्हते. बी.पी.एड.च्या पाठांमध्ये एका मॅडमनी मला कौशल्याचे तुकडे पाडायला लावले. मग मी खडूने सिमेंटवर दोन पावलं काढली: आधी उजवं, मग डावं, आणि डाव्यापुढे एक बाण. चेंडू नाही, रिंग नाही, नुसती पावलं. आठवड्याभरात सहावीतली एक मुलगी धावत आली, खडूकडे न बघता डाव्या पायावर उडाली आणि चेंडू बोर्डाला लागून आत गेला. तो आवाज माझ्या कुठल्याही बास्केटपेक्षा मला जास्त आठवतो.

नोकरीचं थोडक्यात. शाळेतल्या शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या पदाला बी.पी.एड.सारखी शिक्षकाची पात्रता लागते, नुसता कोचिंग डिप्लोमा पुरत नाही. डिप्लोमावाल्याला क्रीडा प्राधिकरण, अकादमी, क्लब ही दारं उघडतात. शाळा त्याला घेते ती बहुधा करारावर, संध्याकाळच्या दोन तासांसाठी. पगारातला फरक आहेच, पण मला मोठा वाटतो तो दुसरा फरक. शिक्षकाला मूल रोज दिसतं. कोण डबा न खाता आलंय, कोणाचे बूट लहान झालेत, हे प्रार्थनेच्या रांगेतच कळतं. जूनपासून कोर्टवर शेवाळ धरतं, तेव्हा करारावरच्या कोचचा सराव बंद पडतो. शिक्षकाच्या हातात तासिका असते, तो हॉलमध्ये पावलांचा सराव चालू ठेवतो.

अमेरिकेतले बास्केटबॉल कोच जॉन वुडन यूसीएलए विद्यापीठाच्या दहा राष्ट्रीय विजेतेपदांमुळे जगाला माहीत आहेत. पर्ड्यू विद्यापीठाचे ते नावाजलेले खेळाडू. पण विद्यापीठातून बाहेर पडल्यावरची अकरा वर्षं त्यांनी हायस्कूलमध्ये काढली, कोचिंगच्या जोडीला इंग्रजी शिकवत. पहिल्या वर्षी त्यांचा संघ जिंकला त्याहून जास्त सामने हरला.

तुम्हाला वरिष्ठ संघाच्या बाकावर बसायचं असेल, सतराव्या वर्षापुढची तयार मुलं घडवायची असतील, तर सरळ एनआयएसचा डिप्लोमा करा, बी.पी.एड.मध्ये दोन वर्षं घालवू नका. हायस्कूलच हवं असेल तर आधी बी.पी.एड., आणि नोकरी लागल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवड्यांचा कोर्स. फॉर्म भरण्याआधी मात्र ओळखीच्या शाळेत विचारून आठ दिवस सकाळी पाचवीच्या मुलांना लेअप शिकवा. खडू बरोबर न्या.