टेन्सेंट थेट घ्यावा की प्रोससमार्फत?

चीनच्या टेन्सेंट या इंटरनेट आणि गेमिंग कंपनीत पैसे घालायचे तर दोन पर्याय आहेत. हाँगकाँगमधला टेन्सेंटचा शेअर, किंवा टेन्सेंटचा मोठा हिस्सा बाळगून असलेली अ‍ॅमस्टरडॅमची गुंतवणूक कंपनी प्रोसस. प्रोससचा शेअर वर्षानुवर्षं तिच्या गुंतवणुकींच्या एकूण किमतीपेक्षा स्वस्त मिळत आलाय. म्हणून तोच घ्यावासा वाटतो. पण स्वस्ताईचं कारण आधी समजून घ्या.

प्रोससची पालक कंपनी असलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्सने २००१ मध्ये साडेतीन कोटी डॉलरच्या आत टेन्सेंटचा ४६.५ टक्के हिस्सा घेतला. तो इतका फुगला की जोहान्सबर्गच्या निर्देशांकात नॅस्पर्सचं वजन फंडांना पेलवेना. त्यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये तो हिस्सा प्रोससकडे देऊन तिची शेअर बाजारात वेगळी नोंदणी झाली. डिस्काउंट, म्हणजे मालमत्तेच्या किमतीपेक्षा शेअरचा कमी भाव, तरीही राहिलाच.

चीनची भीती हे कारण मला पटत नाही. ती टेन्सेंटच्या भावात आधीच धरलेली असते. हिस्सा विकल्यास लागू शकणारा कर, मुख्यालयाचा खर्च, नॅस्पर्समधले जादा मताधिकाराचे शेअर, ही कारणं खरी. पण सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे टेन्सेंट विकून आलेल्या पैशाचं व्यवस्थापन काय करणार? प्रोससने पैसे घातलेली स्विगी २०२४ मध्ये शेअर बाजारात आली, पण त्याच वर्षी बायजूजमधल्या हिस्स्याची किंमत प्रोससने शून्यावर आणली. बाजार असा धोका आधीच भावातून कापून घेतो. आपल्याकडे पुण्याच्या बजाज होल्डिंग्ज या गुंतवणूक कंपनीलाही डिस्काउंट असतोच; तिथे तंत्रज्ञानातल्या धाडसी पैजा नाहीत, तरीही.

जून २०२२ पासून प्रोसस थोडा थोडा टेन्सेंट विकून स्वतःचे शेअर परत घेऊ लागली, म्हणजेच बायबॅक करू लागली. डिस्काउंट ४० टक्के असेल तर ६० रुपयांत १०० रुपयांची मालमत्ता मागे असलेला शेअर परत घेता येतो, आणि उरलेल्या भागधारकांची प्रतिशेअर मालमत्ता वाढते. तेच ६० रुपये एखाद्या फसव्या स्टार्टअपात गेले तर डिस्काउंट रास्तच म्हणायचा.

टेन्सेंटसाठी नव्हे, पण अशीच गुंतवणूक कंपनी म्हणून जपानची सॉफ्टबँक हा तिसरा पर्याय. तिने २००० मध्ये अलिबाबात २ कोटी डॉलर घातले आणि अफाट कमावलं. पुढे कार्यालयं भाड्याने देणाऱ्या वीवर्कमध्ये अब्जावधी डॉलर घालवले. शिवाय डोक्यावर कर्ज. तिचे संस्थापक मासायोशी सोन यांच्या निर्णयांवर पूर्ण विश्वास असेल तरच तिकडे वळा.

फक्त टेन्सेंट हवा असेल तर थेट घ्या. डिस्काउंट मोठा असेल आणि बायबॅक चालू असेल तर मी प्रोसस निवडेन. बायबॅक थांबवून मोठी खरेदी जाहीर झाली, तर तो निर्णय नव्याने तपासेन.