अनुदान चांगलं, पण आधी गंगाजळी तपासा

समितीचे हिशेब मी बघते, म्हणून सांगते: गावातल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी हे अनुदान उपयोगाचं आहे, पण रक्कम येते काम झाल्यावर, बिलं तपासून. तोवर गवंड्याची मजुरी कुठून द्यायची? शिवाय खर्चाचा ठरावीक वाटा आपलाच. श्रमदान त्यात धरतात का, ते आधीच लेखी विचारा. मंजुरीआधीचा खर्च बाद.

तांत्रिक बाजू मात्र उत्तम. अनुदान देणाऱ्यांनी सिमेंट नाकारून चुन्याचाच गिलावा करायला लावला. बरोबरच आहे, सिमेंटमागे ओल कोंडते आणि जुन्या मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात. नवा भाग जुन्याहून वेगळा ओळखू यावा, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेतलं (जुन्या वास्तू जतन करण्याच्या आंतरराष्ट्रीय सनदेतलं) तत्त्वही पाळून घेतलं. (आमच्या सुताराला ते अजून पटलेलं नाही.) पुढच्या देखभालीला मात्र छदाम नाही. साडेतीन तारे.