सिंगापूरच्या हॉटेलातील चार रात्री आणि दरापुढची दोन अधिक चिन्हे

सिंगापूरमधील एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात आम्ही दोघांनी चार रात्री मुक्काम केला. हॉटेलाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल मला लिहायचे आहे ती त्या एका हॉटेलाची नसून तिथल्या बहुतेक हॉटेलांची आणि उपाहारगृहांची रीत आहे. खोली लहान होती, पण चादरी, टॉवेल आणि न्हाणीघर रोज लखलखीत मिळत असे. मेट्रोचे स्थानक पाच मिनिटांवर होते आणि रिसेप्शनवरची माणसे मध्यरात्रीही तत्परतेने उठून बोलत. या बाबतीत कसलीही तक्रार नाही. हा अभिप्राय मुख्यतः बिलाबद्दल आहे, कारण परदेशात उतरणाऱ्याचा अंदाज चुकतो तो तिथेच.

खोलीचा दर रात्रीला २४० सिंगापूर डॉलर असा दाखवला होता आणि आकड्याला लागूनच दोन अधिक चिन्हे होती. २४०++ असे छापलेले असले, की तिथले लोक त्याला ‘प्लस प्लस’ म्हणतात. पहिले चिन्ह सर्व्हिस चार्जचे, जो साधारणपणे १० टक्के असतो, आणि दुसरे जीएसटीचे. हा कर २००७ पासून ७ टक्के होता, १ जानेवारी २०२३ रोजी ८ टक्के झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. सिंगापूरमध्ये ग्राहकाला दाखवलेली किंमत करासहित असावी असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु सर्व्हिस चार्ज आकारणाऱ्या हॉटेलांना आणि उपाहारगृहांना त्यातून सवलत आहे. दरावर कर आणि सर्व्हिस चार्ज वेगळे लागतील अशी स्पष्ट सूचना लावली, की त्यांना मूळ दर दाखवता येतो. त्यामुळे दुकानात चप्पल घेताना जो आकडा दिसतो तोच द्यावा लागतो आणि हॉटेलात मात्र दिसतो त्याहून बराच मोठा आकडा द्यावा लागतो. एकाच शहरात, एकाच दिवशी हे दोन अनुभव आले, की माणूस गोंधळणारच.

मी निघण्यापूर्वी घरीच हिशेब मांडला होता. चार रात्रींचे ९६०, त्यावर १० आणि ९ मिळून १९ टक्के, म्हणजे ११४२ डॉलर ४० सेंट. शेवटच्या सकाळी हातात आलेले बिल मात्र ११५१ डॉलर ४ सेंटांचे होते. फरक ८ डॉलर ६४ सेंटांचा. रक्कम मोठी नव्हती, पण ती कुठून आली हे कळल्याशिवाय कार्ड पुढे करणे मला पटेना. रिसेप्शनवरच्या तरुणीने घाई केली नाही. तिने बिलाची प्रत उलटी केली आणि कोऱ्या बाजूला पेनाने चार ओळी लिहिल्या : ९६०, त्यावर सर्व्हिस चार्ज ९६, एकूण १०५६, या १०५६ वर ९ टक्के जीएसटी, ९५.०४; एकूण ११५१.०४. मग तिने ९६ या आकड्याभोवती गोल काढला. कर खोलीच्या भाड्यावर तर आहेच, पण सर्व्हिस चार्जवरही आहे, आणि ९६ चे ९ टक्के म्हणजे बरोबर ८ डॉलर ६४ सेंट. प्रत्यक्षात दरावर चढतात ते १९ नव्हे, १९.९ टक्के. चार रात्रींत मिळून ती वाढ १९१ डॉलरची झाली, म्हणजे पाऊण रात्रीच्या भाड्याहून थोडी जास्तच.

या स्पष्टीकरणाबद्दल मी त्या रिसेप्शनला पूर्ण गुण देईन. थायलंडमध्येही हीच रीत दिसते. तिथे सर्व्हिस चार्ज बहुधा १० टक्के आणि त्यावर व्हॅट ७ टक्के, म्हणून शंभराचे ११७ नव्हे, तर ११७.७० होतात. दोन टक्केवाऱ्यांची बेरीज करायची नाही, एकावर दुसरी चढवायची, एवढे एकदा ध्यानात आले की बिल परके वाटत नाही.

परंतु कर आणि सर्व्हिस चार्ज या दोन ओळी बिलावर शेजारी शेजारी छापल्या जातात म्हणून त्या एकाच जातीच्या आहेत, असे समजणे ही मोठी चूक आहे. कर सरकारचा, तो हॉटेल केवळ गोळा करते, आणि त्याबद्दल घासाघीस होऊ शकत नाही. सर्व्हिस चार्ज हॉटेलाचा. तो किती घ्यायचा हे हॉटेल ठरवते, आणि तो आकारलाच पाहिजे असे सरकारने सांगितलेले नाही. तो वाढप्याच्या हातात जातोच असेही सिंगापूरमध्ये गृहीत धरता येत नाही, कारण व्यवसायाच्या दृष्टीने ते हॉटेलाचे उत्पन्न असते. मात्र तो भरल्यानंतर वेगळी टिप देण्याची तिथे अपेक्षा नसते. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या संध्याकाळी आम्ही बिलाच्या पाकिटात वर आणखी पैसे ठेवले होते. वाढपी ते घेऊन आमच्या मागे आला. त्याला वाटले, की आम्ही उरलेली मोड विसरलो.

ते जेवण हॉटेलाच्याच चिनी उपाहारगृहात झाले. बसल्या बसल्या टेबलावर खारवलेल्या शेंगदाण्यांची बशी आली आणि गुंडाळलेले दोन ओले रुमाल आले. कोणी काही विचारले नाही, आम्हीही मागितले नव्हते. पाहुणचाराचा भाग असावा असे समजून शेंगदाणे खाल्ले आणि रुमालांनी हात पुसले. बिलात शेंगदाणे स्वतंत्र ओळीवर होते आणि रुमाल त्याखालच्या ओळीवर. पदार्थांची एकूण किंमत ८६ डॉलर झाली, सर्व्हिस चार्जने ती ९४.६० वर गेली आणि करासह १०३ डॉलर ११ सेंट द्यावे लागले. म्हणजे न मागितलेल्या रुमालावरही सेवेचे पैसे आणि त्या सेवेवर कर. वाढप्याला विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, की नको असेल तर बसल्याबरोबर परत द्यावे, मग ते बिलात धरले जात नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तसेच केले आणि कोणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. जेवण उत्तम होते, वाफवलेला मासा तर विसरता येणार नाही. पण टेबलावर ठेवलेल्या वस्तूची किंमत ठेवणाऱ्याने आधी सांगावी, हे माझे ठाम मत आहे.

नाश्त्याच्या बाबतीत मात्र आम्ही वेळीच सावध झालो. चावी देताना ३२ डॉलरचा नाश्ता सुचवण्यात आला. कार्डावर तिथेही बारीक अक्षरांत दोन अधिक चिन्हे होती, म्हणजे प्रत्यक्षात माणशी ३८ डॉलर ३७ सेंट. शेजारच्या फलकावर दुपारच्या जेवणाचा एक दर ‘नेट’ असा शब्द जोडून लिहिलेला होता. ‘नेट’ म्हणजे सर्व काही धरून, त्यावर एक सेंटही चढणार नाही. दोन दरांची तुलना करताना एक नेट आणि दुसरा प्लस प्लस असेल, तर आधी दुसरा १.१९९ ने गुणावा. वरवर महाग दिसणारा दर पुष्कळदा स्वस्त निघतो.

पैसे भरताना आणखी एक वळण आले. कार्डाच्या यंत्राने विचारले, की रक्कम सिंगापूर डॉलरमध्ये घ्यायची की तुमच्या स्वतःच्या चलनात. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा दिसतो, म्हणून बोट तिकडे वळते. परंतु त्या पर्यायात रूपांतराचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. स्थानिक चलन निवडले, की रूपांतर कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते आणि बहुतेक वेळा तेच परवडते. आमच्या रिसेप्शनने निवड आमच्यावर सोडली, यंत्र आमच्याकडे वळवून धरले. ही साधी गोष्ट आहे, पण सगळीकडे होत नाही. पहिल्या दिवशी कार्डावर अनामत म्हणून अडवून ठेवलेली रक्कम सुटायला मात्र काही दिवस लागले, तेव्हा तेवढी शिल्लक वेगळी धरूनच निघावे.

हॉटेलाच्या बिलावर भरलेला जीएसटी विमानतळावर परत मिळेल, अशी आशा कोणी धरू नये. पर्यटकांना करपरतावा मिळतो तो सोबत नेलेल्या वस्तूंवर, आणि सिंगापूरमध्ये त्यासाठी किमान १०० डॉलरची खरेदी लागते. झोपून काढलेली रात्र आणि खाल्लेले जेवण देशातच संपले, म्हणून त्यांवरचा कर तिथेच राहतो. युरोपातही हेच तत्त्व आहे.

इतर देशांतील मुक्कामांशी तुलना केली, तर या हॉटेलाला नेमके कुठे बसवायचे ते ठरते. मलेशियात परदेशी पाहुण्याला खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर असतो. तो २०१७ मध्ये सुरू झाला आणि बहुधा रिसेप्शनवरच भरावा लागतो. खोलीचे पैसे आधीच चुकते केलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा मागणे वाटते, पण ते तसे नसते. रोममध्ये शहराचा कर खोलीमागे नव्हे, माणशी लागतो, हॉटेलाच्या तारांकनानुसार वाढत जातो, आणि सलग मुक्कामात पहिल्या १० रात्रींपुरताच घेतला जातो. चौघांच्या कुटुंबाला खोलीमागचा आणि माणशी यांतला फरक चांगलाच जाणवतो. इटलीतल्या उपाहारगृहात ‘कोपेर्तो’ नावाची ओळ दिसते. तो कर नव्हे, टिपही नव्हे. टेबल, पाव आणि मांडणी यांबद्दलची ती माणशी आकारणी आहे आणि ती मेन्यूवर लिहिलेली असावी लागते. फ्रान्समध्ये सेवा आणि कर दोन्ही मेन्यूतल्या किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे तिथे बिल पाहून कधी दचकायला झाले नाही.

लंडनची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिथे २० टक्के व्हॅट किमतीत आधीच मिळवलेला असतो आणि खाली पुष्कळदा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज जोडलेला असतो. शेजारी तो ऐच्छिक असल्याचे लिहिलेले असेल, तर तो काढून टाकायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार टिप आणि असा सर्व्हिस चार्ज मालकाने काहीही न कापता कर्मचाऱ्यांना द्यायचा आहे. हे कळल्यापासून सेवा चांगली असेल तर मी तिथे तो आनंदाने देते. पैसा कोणाच्या हातात पडणार आहे हे ठाऊक असले, की देणाऱ्याचे मन वेगळे असते.

न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट. मेन्यूतल्या किमतीत कर नसतोच, ८.८७५ टक्के विक्रीकर खाली चढतो आणि त्यानंतर १८ ते २० टक्के टिपची अपेक्षा असते. ती कायद्याने बंधनकारक नाही, पण टिप मिळणाऱ्या कामगाराचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटांवरच थांबलेले आहे. काही राज्यांत ते याहून जास्त आहे, तरी वाढप्याचे घर मोठ्या प्रमाणावर टिपवरच चालते, म्हणून तिथे हात आखडता घेणे मला योग्य वाटत नाही. मात्र सहा-आठ जणांच्या पंगतीला टिप आधीच बिलात धरलेली असू शकते, ती ओळ न पाहता दुसऱ्यांदा देऊ नये. तिथल्या हॉटेलांची जुनी खोड म्हणजे ‘रिसॉर्ट फी’ : दर एक दाखवायचा आणि इंटरनेट, व्यायामशाळा यांच्या नावाने रात्रीला वेगळी सक्तीची रक्कम लावायची. १२ मे २०२५ पासून अशी सक्तीची फी जाहिरातीतल्या एकूण किमतीतच दाखवावी लागते. सरकारी कर मात्र त्यातून वगळता येतात.

जपानने १ एप्रिल २०२१ पासून करासहित किंमत दाखवणे बंधनकारक केले आणि टिपचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. हे शक्य आहे, हे पाहिलेले असल्यामुळेच सिंगापूरच्या या हॉटेलाकडून माझी अपेक्षा वाढली आहे.

खोली, स्वच्छता आणि रिसेप्शन यांना मी पाचपैकी पाच गुण देते, उपाहारगृहाला चार आणि दर दाखवण्याच्या पद्धतीला दोन. निघताना अभिप्रायाच्या कागदावर मी एकच मागणी लिहिली, की आरक्षणाच्या पहिल्या पानावर २४०++ च्या शेजारी २८७.७६ हा आकडाही तेवढ्याच अक्षरांत छापावा. त्या तरुणीने तो वाचला, घडी घालून व्यवस्थापकाच्या खणात ठेवला, आणि ज्या प्रतीवर तिने हिशेब मांडला होता ती मी मागितल्यावर हसून माझ्या हातात दिली. ती प्रत मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे.