गॅमा चेंबर ५०००: आयनिक द्रवात सोन्याचे नॅनोकण करणाऱ्यांसाठी

अणुऊर्जा विभागाच्या 'ब्रिट' (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) या वाशी येथील संस्थेचे गॅमा चेंबर ५००० हे नमुन्यांना गॅमा किरणांची मात्रा देणारे यंत्र एरवी बियाणे आणि पॉलिमर यांच्यावरील प्रयोगांसाठी ओळखले जाते; आयनिक द्रवात, म्हणजे कमी तापमानालाही द्रव राहणाऱ्या क्षारात, सोन्याचे नॅनोकण तयार करण्यासाठी ते कसे आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. या कामासाठी मी ते निःसंकोच सुचवीन, मात्र त्यात ठेवलेला द्रव शुद्ध असला पाहिजे.

शिशाच्या जाड आवरणात किरणोत्सारी कोबाल्ट-६० च्या पेन्सिली (बंद नळ्या) वर्तुळाकार मांडलेल्या असतात आणि सुमारे ५ लिटर मापाचा नमुना-कक्ष मोटारीने खाली उतरून त्यांच्या मधोमध जातो. १.१७ आणि १.३३ एमईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण बंद कुपीची काच भेदून सर्व द्रवात एकाच वेळी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि त्यातून सोन्याच्या आयनांचे क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळून त्यांचे धातूत रूपांतर होते. त्याऐवजी सोडियम बोरोहायड्राइड हे क्षपण करणारे रसायन वापरले, तर थेंब पडतो तिथेच अभिक्रिया वेगाने होते आणि त्याचे अवशेषही द्रावणात उरतात. इथे या दोन्ही अडचणी येत नाहीत. शिवाय आयनिक द्रवाच्या श्यानतेमुळे (दाटपणामुळे) कणांची वाढ मंदावते आणि त्याचेच आयन कणांभोवती थर धरतात, त्यामुळे वेगळा स्थिरकारक न घालताही कण लहान राहू शकतात.

माझी तक्रार आहे ती बाजारात मिळणाऱ्या द्रवांबद्दल. इमिडाझोलियम द्रव (आयनिक द्रवांचा एक नेहमीचा प्रकार) हवेतले पाणी सहज शोषतो, म्हणून नवी बाटलीसुद्धा निर्वातात तापवून कोरडी केल्याशिवाय वापरू नये, आणि आरगॉन सोडून त्यातला ऑक्सिजन काढावा, नाहीतर तोच इलेक्ट्रॉन पकडतो. टेट्राफ्लुओरोबोरेट किंवा हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट असलेले द्रव पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लुओराइड हा विषारी, दाहक पदार्थ देऊ शकतात, ही बाब कोणीही हलकी मानू नये. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे सोने नसलेला द्रवही किरणांनी पिवळसर होतो. सोन्याचा ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा शोषणपट्टा खरा मानण्यापूर्वी किरणांची तेवढीच मात्रा दिलेली, पण सोने नसलेली कुपी शेजारी हवीच.

कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे असल्याने यंत्राचा मात्रा-दर वर्षाला सुमारे १२ टक्क्यांनी घटतो आणि तासांत लिहिलेली कृती लवकरच चुकीची ठरते. कृती किलोग्रे या शोषलेल्या मात्रेच्या एककातच लिहावी आणि मात्रा-दर फ्रिक मात्रामापकाने (लोहक्षाराच्या द्रावणातील बदलावरून मात्रा मोजणाऱ्या साधनाने) स्वतः तपासावा, तोही कुपी ठेवण्याच्या नेमक्या जागी, कारण कक्षाच्या मध्यावर आणि कडेला तो सारखा नसतो.