डुला लावली होती, बाळ आता सहा महिन्यांचं झालं, तर माझा अनुभव (बेळगाव-निप्पाणी)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, खरं पोरगी झोपली की मीपण झोपत होते. आता सहा महिन्यांची झाली, पालथी पडून तिथल्या तिथं गोल फिरती. आज मावशीनं घेतलीय तर लिहून टाकते. दोन-तीन जणींनी विचारलं होतं की डुला (बाळंतपणात सोबतीला राहायला पैसे देऊन लावलेली बाई) लावून खरंच काही होतं का पैसे पाण्यात. एका शब्दात सांगता येत नाही, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर बेळगावात वडगाव, सासर निप्पाणी. पहिलं बाळंतपण, त्यामुळं सातव्यात डोहाळजेवण उरकून माहेरी आले. नवरा निप्पाणीत, हायवेनं तसं दीड तासाचं अंतर, खरं तारीख होती जुलैअखेरची आणि आमच्याकडचा जुलैचा पाऊस माहीत आहेच, ऐन वेळी हा पोचतो का नाही आणि पोचला तरी बायकांच्या वॉर्डात पुरुषाला कोण सोडतंय. माझ्या मैत्रिणीनं सांगितलेलं डोक्यातून जात नव्हतं, रात्रभर एकटी टेबलावर पडून होती, पाठीवर हात ठेवायला कोण नाही, ओरडली की गप बस म्हणायचे. मला कळांची भीती कमी होती, एकटं पडायची जास्त.

घरात डुला म्हटल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "म्हणजे काय, डुलायला शिकवतेत काय?" सगळे हसले. नंतर बघितलं तर खरंच तेच शिकवलं, कळ आली की भिंतीला नाहीतर कुणाच्या गळ्याला धरून कंबर डुलवत राहायचं. शब्द मूळचा ग्रीक आहे, सेवा करणारी बाई अशा अर्थाचा. ही सुईण नव्हे आणि नर्सपण नव्हे हे आधी डोक्यात पक्कं करा. आतून तपासत नाही, बाळ काढत नाही, गोळी-इंजेक्शन देत नाही. सोबत राहती, कंबर दाबती, कसं बसायचं कसं उभं राहायचं सांगती, डॉक्टर काय म्हणतेत ते उलगडून सांगती. आई म्हणाली, "हे आमच्यात शेजारणी करत होत्या की गे, फुकट." बरोबर आहे तिचं. खरं त्या शेजारणींना आता आत सोडत नाहीत ना.

आमचं ठरलं ते असं, 28 व्या आठवड्यापासून सहा सेशन, त्यातले चार घरी येऊन आणि दोन व्हिडिओ कॉलवर, बाळंतपणाला सोबत, नंतर दोन भेटी आणि व्हॉट्सअॅपवर केव्हाही विचारा. 18 हजार, दोन हप्त्यांत. आमच्या डुलाताई धारवाडकडच्या, घरात कन्नड, मराठी आपल्यासारखी बोलतात. नवऱ्याला पटत नव्हतं म्हणून ताईंनी त्याला 2017 च्या कोक्रेन रिव्ह्यूबद्दल (बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सांगितलं, 26 अभ्यास, 15 हजारांवर बायका, ज्यांच्याजवळ सतत कोणीतरी सोबतीला होतं त्यांच्यात सिझेरियन कमी आणि कळांचा वेळ सरासरी 40 मिनिटांनी कमी. हा म्हणतोय, "40 मिनिटाला 18 हजार?" त्याला म्हटलं तू ये त्या 40 मिनिटांत.

आता जे वाया गेलं ते आधी. छान छान वाक्यं लिहिलेली कार्डं दिली होती भिंतीवर लावायला, सगळी इंग्रजीत, कळ आल्यावर कोण वाचतंय, आईनं दोन दिवसांनी काढून कपाटात घातली. लॅव्हेंडरच्या तेलाच्या वासानं मला मळमळायचं. व्हिडिओ कॉलची दोन सेशन म्हणजे निम्मा वेळ "ताई आवाज येतोय काय" यातच. आणि दोन पानी बर्थ प्लॅन, म्हणजे बाळंतपणात काय पाहिजे काय नको ते लिहिलेलं, आम्ही दोघींनी इतका बसून केला, तो हॉस्पिटलात कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही. अर्ध्या पानावर चार ओळी लिहून फाइलला पिन मारली असती तर जास्त उपयोग झाला असता.

बसून व्यायाम करायचा मोठा हवेचा बॉल घेतला होता, 65 सेंटीमीटरचा. त्यावर बसले की आईचा जीव वरखाली, "पडशील गे, पडशील". शेवटी ताईंनी आईलाच बॉलवर बसवलं. पहिल्यांदा लाजली, मग मीच बघत राहिले, ही सोडायलाच तयार नाही, गुडघ्याला बरं वाटतंय म्हणती.

तिसऱ्या सेशनपासून ताईंनी मला सोडून आईलाच धरलं. मला तेव्हा थोडा रागच आला होता, पैसे माझे आणि ट्रेनिंग आईला. कमरेच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून आत दाबायचं, माकडहाडाच्या वर तळव्याच्या टाचेनं जोर द्यायचा, कळ असेपर्यंत सोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. आईनं आयुष्यभर मागाच्या कांड्या भरल्यात आणि भाकरी थापल्यात, तिच्या हाताला काय जोर. ताई म्हणाल्या माझ्यापेक्षा ह्यांचा हात चांगला आहे. आमच्या भिंतीपलीकडं पॉवरलूम आहेत, त्या खटखटीवर श्वास बसवला होता, सहा ठोके आत, दहा ठोके बाहेर. करंट गेला की माग बंद आणि आमची प्रॅक्टिसपण बंद.

कळा रात्री नऊला सुरू झाल्या. पाच मिनिटाला एक कळ, ती मिनिटभर टिकते, आणि असं तासभर चाललं की निघायचं, हा हिशोब आईला पाठ होता. पाणी गेलं आणि हिरवट-तपकिरी दिसलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर हिशोब बघत बसायचं नाही, तडक जायचं, हेपण. घड्याळ घेऊन ती वहीच्या मागच्या पानावर लिहीत बसली, अजून ते पान ठेवलंय मी, शेवटच्या चार ओळी नुसत्या रेघा आहेत कारण तेव्हा एका हातानं माझी कंबर दाबत होती. एकला निघालो. ताई धो धो पावसातनं थेट हॉस्पिटलात आल्या, त्याबद्दल त्यांना शंभर मार्क.

आणि तिथं घोळ झाला. 34 व्या आठवड्यात आमच्या डॉक्टर मॅडम तोंडी हो म्हणाल्या होत्या की डुला आत चालेल. रात्रीच्या ड्युटीला त्यातलं काही माहीत नव्हतं. एकच बाई आत, तीपण घरची, बस्स. आईनं हात जोडले, ताई कन्नडमधनं बोलून बघत होत्या, नाही म्हणजे नाही. मला इतकं रडू आलं. मग आई म्हणाली, "मी येतो आत, तुमी हितं बसा बाई." (आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नका.) असं करून 18 हजारांची डुला पॅसेजमधल्या बाकड्यावर आणि मी आईबरोबर आत.

तीन वाजता तपासलं तर पिशवीचं तोंड चारच सेंटीमीटर उघडलेलं. सहा तास झालेत आणि चार म्हटल्यावर माझं अवसानच गेलं. आई बाहेर जाऊन ताईंना विचारून आली. त्यांनी सांगून पाठवलं की जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 पासून खऱ्या जोराच्या कळा पाचपासनं धरायला सांगितल्यात, आणि दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असंही काही नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत ना, मग चाल, पडून राहू नको. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, रात्रभर आईनं अशा किती चकरा मारल्या देवाला ठाऊक. सहाला सलाईनमधनं कळा वाढवायचं औषध लावायचं ठरलं. शिकवलं होतं तसं विचारलं, आत्ताच लावायला पाहिजे का, तासभर थांबलं तर बाळाला काही धोका आहे का. डॉक्टर चिडतील वाटलं होतं, खरं त्यांनी नीट सांगितलं आणि तासभर थांबल्यापण. सातला लावलंच. त्यानंतरच्या कळा वेगळ्याच, त्याबद्दल लिहीत नाही.

आठला ड्युटी बदलली. नवीन सिस्टर मोठ्या वयाच्या, ताईंशी कन्नडमध्ये दोन मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, या आत, आवाज करू नका. मला बाजारापुरतं कन्नड येतं, खरं त्या वेळेला मराठीसुद्धा कळत नव्हती. सिस्टर "उसिरु बिडु" म्हणायच्या आणि मी श्वास धरूनच बसायची, ताई कानाजवळ "सोड, श्वास सोड" म्हणाल्या की सुटायचा. फक्त "सावकाश" हा शब्द दोघींचाही एकच, तो बरोबर कळायचा. 11 वाजून 20 मिनिटांनी पोरगी झाली, नॉर्मल, टाके पडले. नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबले, आणि तासाच्या आत अंगावर घेऊन चीक पाजला.

एक इथं सांगायला पाहिजे, कारण डुला घेतली की हॉस्पिटल नको, घरीच करूया असं म्हणणारेपण भेटले मला. असलं काही डोक्यात घेऊ नका. बाळ झाल्यावर माझ्याखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली होती, रक्त किती जातंय ते मोजायला. नंतर ताईंनी सांगितलं की ही मोजायची पद्धत आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात वापरली होती, नर्सबाईंनी बाळंतिणीला मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली तर जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं हे त्यात दिसलं आणि 2006 साली ते लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. आमच्या आजीची एक जाऊ घरीच बाळंत झाली आणि अशीच रक्त जाऊन गेली. कंबर दाबून ते थांबत नाही. ताई कार्ड, तपासण्या, सगळं वेळेवर करा. (ताई कार्ड म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आपल्याकडं त्याचं ताई कार्ड झालंय.)

नंतरच्या दोन भेटींतली पहिली सोन्यासारखी. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी, पोरगी नुसतं टोक धरून ओढायची, मी दर वेळी रडायची. ताईंनी पंधरा मिनिटांत नीट धरायला शिकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीकडं आणायचं, छाती बाळाकडं न्यायची नाही. दुसऱ्या भेटीत मात्र वाजलं. खोलीची दारं लावून शेगडी, धुरी चाललेली, ताई म्हणाल्या धूर बाळाला चांगला नाही, आणि बाळंतिणीला पाणी कमी कशाला देताय, उलट जास्त द्या. आई फुगून बसली, माझ्या दोन पोरी ह्यातच वाढल्या म्हणून. शेवटी शेकाला गरम पाण्याची पिशवी आली, धुरी बंद, पाण्याचा तांब्या उशाशी. डिंकाचे लाडू आणि अळिवाच्या खिरीला ताईंची काही हरकत नव्हती, स्वतः दोन लाडू बांधून घेऊन गेल्या.

तक्रार एकच मोठी. आत सोडणार का हे फाइलवर लिहून घेण्याचं काम त्यांनी माझ्यामागं लागून करून घ्यायला पाहिजे होतं, त्यांना हे नवीन नव्हतं. मी तसं तोंडावर बोलले, त्यांनी मान्यपण केलं, त्या रात्रीचे म्हणून दोन हजार परत देत होत्या, मी घेतले नाहीत. तुम्ही कुणाला लावणार असाल तर पहिल्याच फोनवर विचारा, आमच्या हॉस्पिटलात तुम्ही याआधी आत गेलाय का, आणि नाही सोडलं तर पुढं काय. भाषा कुठली येते तेपण. आणि सेशनला जी बाई तुमच्याबरोबर आत येणार आहे तिला बसवाच, सासू असो, बहीण असो. 18 हजार जमत नसतील तर नुसती घरची सेशन देता का विचारा, काही जणी देतात.

दुसऱ्या वेळी लावणार का विचारलं तर आईच मध्ये बोलती, "कशाला पैशे घालतीस, मी हाय की." गल्लीतल्या एका पोरीला नववा लागलाय, परवा बॉल काखेत मारून आई तिकडं गेली ती अजून परत आणलेला नाही.