जुनी गाडी घेताना इंजिनचा दिवा आधी बघा

गेल्या श्रावणात नाशिकला एका एजंटकडून २०१६ची पेट्रोल गाडी घेतली. टायर नवे, सीटकव्हर नवं, मीटरवर एकही दिवा नाही. "ताई, दिवा नाही म्हणजे इंजिन ओके," तो म्हणाला. मी टोकन दिलं.

दोन महिन्यांनी पीयूसी संपलं. नवं काढायला गेले तर गाडी नापास. बीएस ४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.३ टक्के, माझा आकडा कितीतरी वर. घराजवळच्या मेकॅनिककाकांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन केली. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागला. इंजिनमधला बिघाड दाखवणारा, इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच नाही.

तो चावी ऑन केली की लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. मला हे ठाऊकच नव्हतं. काकांनी मीटर उघडलं, तर दिव्याच्या जागी नखाएवढा काळ्या टेपचा तुकडा, कात्रीने नीट गोल कापलेला.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी०४२०, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. हा सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. त्याच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर, पलीकडे एक. अलीकडचा सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर धड असेल तर पलीकडचा जवळपास स्थिर राहतो. माझ्या गाडीत दोन्ही सारखेच हलत होते. गाडी उचलून बघितली तर डब्यावर वेल्डिंगची ताजी रेघ. काकांनी ठोकून पाहिलं, आवाज पोकळ. आतली प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप असलेली जाळी कुणीतरी काढून घेतली होती. नव्या कन्व्हर्टरचा खर्च ४८ हजार सांगितलाय.

काही जण टेपही लावत नाहीत, विकण्याआधी स्कॅनरने कोड पुसतात किंवा बॅटरी काढून ठेवतात. मग दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक दिसतं. म्हणून मेकॅनिकला बरोबर न्या आणि स्कॅनरमध्ये रेडीनेस, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते बघायला सांगा. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात. पैसे त्याआधी देऊ नका, टोकनसुद्धा नाही.

एजंट आता म्हणतो, "बघूनच घेतलीत ना?" जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पावती, स्कॅनरचा फोटो आणि तो टेपचा तुकडा एका पाकिटात घालून ठेवलाय.